हडपसरच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी: पहिल्या नोकरीआधीची तयारी, मे ते सप्टेंबर २०२४

हडपसर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या स्टोअर विभागात मी १९ वर्षे नोकरी केली. त्या काळात मदतनीस म्हणून लागलेली कित्येक मुले-मुली पहिल्या पंधरवड्यातच काम सोडून गेलेली किंवा काढून टाकलेली मी पाहिली. त्यांच्यात कामचुकार फार थोडी होती. बाकीच्यांचे गाडे मालासोबत येणारे चलान वाचणे, वजन लिहिणे, रजा कळवणे अशा गोष्टींत अडत असे आणि या गोष्टी त्यांना कोणी कधी शिकवलेल्याच नसत. नोकरी सोडल्यावर मी आणि आमच्या शेजारचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, अशा दोघांनी रामटेकडीतील एका समाजमंदिरात दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी ७ ते ९ असा विनामूल्य वर्ग घेण्याचे ठरवले. असा वर्ग काढू पाहणाऱ्यांना आमच्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून या नोंदी देत आहे.

१६ मे

काय शिकवायचे हे ठरवण्यापूर्वी चार ठिकाणी जाऊन आलो: फुरसुंगीतील एक गोदाम, हडपसरमधील खाद्यपदार्थ पॅक करणारा एक छोटा कारखाना, एका रुग्णालयाचा स्वच्छता विभाग आणि कार्यालयांना हाउसकीपिंगची माणसे पुरवणारा एक ठेकेदार. चारही ठिकाणी आम्ही एकच प्रश्न विचारला, की नवीन माणसात तुम्हाला कोणती कौशल्ये हवी असतात. उत्तरेही सगळीकडे एकाच साच्यातली आली: प्रामाणिकपणा हवा, वेळ पाळायला हवी, थोडे इंग्रजी यायला हवे. या उत्तरांवरून एकही धडा तयार करता आला नाही आणि दिवस वाया गेला.

२३ मे

प्रश्न बदलून पुन्हा गेलो. या वेळी सुपरवायझरलाच गाठले आणि विचारले, "गेल्या महिन्यात नव्या माणसाकडून शेवटची चूक कोणती झाली?" तासाभरात वही भरली. गोदामात माल कमी आला असताना चलानावर पूर्ण माल मिळाल्याची सही झाली होती. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात खोक्यांवर चुकीच्या महिन्याचा शिक्का पडला होता. रुग्णालयात एका बाईंनी जंतुनाशकाची अर्धी बाटली एकाच बादलीत ओतली होती. ठेकेदाराकडे दोन मुले न कळवता तीन दिवस आली नाहीत आणि चौथ्या दिवशी आली तेव्हा त्यांच्या जागी दुसरी माणसे लागलेली होती. अशा एकूण ११ चुका आम्ही जशाच्या तशा लिहून घेतल्या. पुढे जे काही बरे झाले, ते या ११ चुकांच्या यादीमुळे झाले. हा प्रश्न पहिल्याच फेरीत विचारला असता तर एक आठवडा वाचला असता.

६ जून

नावनोंदणी २३ जणांची झाली: १४ महिला आणि ९ मुलगे, वय १८ ते ३४, शिक्षण आठवीपासून बी. ए. पर्यंत. कोणाला काय येते हे आधी कळावे म्हणून आज लेखी चाचणी घेतली. ४० प्रश्न, दीड तास, सहा पाने. प्रश्न गुरुजींनी आणि मी मिळून काढले होते. त्यांत शेकडेवारी होती, उतारा वाचून उत्तरे लिहायची होती आणि रिकाम्या जागा भरायच्या होत्या.

पाऊण तास होत आला तेव्हा दोन महिला उठून गेल्या. त्यांतल्या एकीने दाराशी जाऊन सांगितले, "ताई, शाळा सुटून चौदा वर्षं झाली. हे असलंच असेल तर मला जमायचं नाही." मी तिला थांबवू शकले नाही, याची खंत अजून आहे.

८ जून

उत्तरपत्रिका तपासल्या. सरासरी ४० पैकी १४ आली, पण या १४ गुणांचे करायचे काय, ते आम्हा दोघांनाही सांगता येईना. एखाद्याचा प्रश्न चुकला तो गणित येत नाही म्हणून, की प्रश्नाची लांबलचक भाषा समजली नाही म्हणून, हे कागदावरून ओळखण्याची सोय नव्हती. बी. ए. झालेल्या एका मुलाला ३१ गुण होते. त्याच्यापुढे मी माझ्याकडचे एक जुने चलान ठेवले, तर 'प्रमाण' आणि 'दर' हे रकाने त्याला वेगळे ओळखता आले नाहीत. चाचणीने शाळा मोजली होती, काम मोजलेच नव्हते.

शाळेचे गणित कच्चे राहते हे खरेच आहे. ग्रामीण शिक्षणाच्या २०२३ च्या 'असर' सर्वेक्षणातही १४ ते १८ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जमले नव्हते. मात्र आमच्या हातात फक्त तीन महिने होते आणि तेवढ्या काळात पाचवी ते आठवीचे गणित पुन्हा शिकवणे शक्य नव्हते. अमेरिकेतील एसीटी या संस्थेची वर्ककीज नावाची परीक्षा आहे. तिच्यात कामावरचे गणित, कामावरची कागदपत्रे आणि तक्ते-आलेख वाचणे हे तीन भाग स्वतंत्र मोजतात. त्या परीक्षेतून आम्ही एवढेच घेतले, की सगळे एकत्र करून एक आकडा काढायचा नाही.

चाचणीतून उठून गेलेल्या दोघींच्या घरी मी काल संध्याकाळी जाऊन आले होते. एक परत यायला तयार झाली, दुसरी झाली नाही. आता २२ जण आहेत.

१५ जून

नवी चाचणी तयार झाली. सभागृहात सहा टेबले मांडायची आणि प्रत्येक टेबलावर त्या ११ चुकांच्या यादीतले एक खरे काम ठेवायचे, अशी तिची रचना आहे. पहिल्या टेबलावर चलान आणि त्यासोबत आलेला माल आहे. दुसऱ्यावर वजनकाटा, तिसऱ्यावर लेबले आणि तारखा, चौथ्यावर बादली, मापाचे भांडे आणि पातळ करायचे द्रावण, पाचव्यावर तीन पाळ्यांचा आठवड्याचा तक्ता. सहाव्या टेबलावर कागद नाही. तेथे मी तोंडी सूचना देते: "ही निळी खोकी मोजा, संख्या या पाटीवर लिहा आणि खोकी कपाटात ठेवा." खोलीत कपाटे दोन आहेत. कोणते कपाट, हे मी मुद्दाम सांगत नाही.

खोकी भंगारवाल्याकडून ८ रुपयांना एक याप्रमाणे २४ आणली. वजनकाटा मात्र नवा घ्यावा लागला, कारण उसना आणलेला काटा कधी शून्यावर येई, कधी येत नसे, आणि अशा काट्यावर कोणाची परीक्षा घेणे अन्यायाचे झाले असते.

१८ ते २५ जून

एका माणसाला सहाही टेबले करायला साधारण ३५ मिनिटे लागतात. आम्ही तपासणारे दोघेच असल्याने चार संध्याकाळी गेल्या. आधी हिशेब न करता दोन संध्याकाळी धरल्या होत्या.

प्रत्येक टेबलासाठी आम्ही तीन खुणा ठरवल्या होत्या: 'स्वतः केले', 'विचारून केले' आणि 'जमले नाही'. पहिल्याला २ गुण, दुसऱ्याला १ आणि तिसऱ्याला शून्य. पहिल्याच संध्याकाळी गुरुजींच्या लक्षात आले, की सहाव्या टेबलावर आम्ही ज्याची वाट पाहत होतो, म्हणजे माणसाने "कोणत्या कपाटात?" असे विचारावे, त्याच विचारण्याला आमचाच तक्ता कमी गुण देत होता. त्या रात्री तक्ता बदलला. योग्य जागी विचारणे आणि स्वतः करणे यांना आता सारखेच गुण आहेत. 'विचारून केले' ही खूण फक्त माहिती म्हणून राहते. पहिल्या संध्याकाळच्या पाच जणांचे गुण नव्याने मांडले.

सहाव्या टेबलावर २२ पैकी फक्त ३ जणांनी कपाट विचारले. बाकीच्यांनी क्षणभर दोन्ही कपाटांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एका कपाटात खोकी ठेवून दिली.

पहिल्या टेबलावर जे घडले ते सविस्तर लिहून ठेवते. चलानावर छापले होते: १२ खोकी, प्रत्येकी २४ नग, एकूण २८८. प्रत्यक्षात ११ खोकी भरलेली होती आणि बाराव्यात १८ नग होते. बारावी झालेल्या एका मुलाने बारावे खोके उघडून नग मोजले, मागच्या कोऱ्या बाजूवर ११ गुणिले २४ म्हणजे २६४ असे लिहिले, त्यात १८ मिळवून २८२ काढले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. मग चलान सुलटे करून 'मिळालेला माल' या रकान्यात २८८ लिहिले आणि सही केली. मी कारण विचारले. तो म्हणाला, "कागदावर छापलेलं आहे ना ताई. मी कसं खोडणार?"

चलानाच्या टेबलावर १२ जणांना अपयश आले, पण त्यांतल्या ७ जणांचे मागच्या बाजूचे गणित बरोबर होते. कागद उलटून पाहिला नसता तर या सातही जणांना आम्ही भागाकार-गुणाकार शिकवत बसलो असतो.

२७ जून

आज पूर्ण दोन तास फक्त चलान. छापलेला आकडा हा माल पाठवणाऱ्याचे म्हणणे असतो आणि आपली सही ही आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या मालाची असते, हे मी माझ्या स्टोअरमधल्या जुन्या प्रसंगांवरून सांगितले. छापील आकडा खोडायचा नाही, त्यावर गिरवायचे नाही. शेजारी 'मिळाले २८२, कमी ६' असे लिहायचे, सही करायची, तारीख घालायची आणि गाडीचा ड्रायव्हर निघून जाण्याआधी त्याचीही सही घ्यायची. स्वतःच्या हातून चुकीचा आकडा पडला तर त्यावर एकच आडवी रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहायचा.

सांगून फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो गुरुजींना ड्रायव्हर केल्यावर. ते घाई करू लागले, "मला पुढे दोन ठिकाणी जायचंय, सही द्या लवकर," असे म्हणत दारात उभे राहिले, तेव्हा पहिल्या चौघांनी न मोजताच सही करून दिली. हा प्रवेश सहा वेळा केला. सहाव्या वेळी एका मुलीने शांतपणे सांगितले, "काका, दोन मिनिटं थांबा, मोजून होऊ द्या." हेच वाक्य मग सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतले.

६ जुलै

गेले आठ दिवस मोडतोडीचे गेले. ३० जूनला दोन्ही पालख्या पुण्यात आल्या आणि २ जुलैला हडपसरवरून पुढे गेल्या. त्या दिवशी रस्ते बंद असल्याने वर्ग ठेवता आला नाही. हे आधीपासून माहीत असूनही वेळापत्रकात धरले नव्हते, ही आमची चूक. ४ तारखेला मात्र रस्ते मोकळे असूनही फक्त ८ जण आले. १ जुलैपासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते आणि वर्गातल्या एकविशीपुढच्या बहुतेक महिला दाखल्यांसाठी रांगेत उभ्या होत्या. मी मनातून नाराज झाले होते. गुरुजी म्हणाले, "त्या अर्जच भरताहेत ना? मग अर्ज भरायलाच शिकवू."

९ जुलै

आज सगळ्यांना आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन बोलावले होते. दोन्ही शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवले, तेव्हा महिलांपैकी पाच जणींच्या आधारवर माहेरचे आडनाव आणि पासबुकावर सासरचे निघाले. दोघांची जन्मतारीख दोन कागदांवर दोन होती. हे योजनेपुरते नाही. नोकरी लागल्यावर भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आधारशी जोडला जातो. तेथे नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही, तर पैसे काढण्याच्या वेळी माणूस अडकतो. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती नोकरी शोधण्याआधीच सुरू केलेली बरी. कागद जुळवण्याचा धडा आमच्या आराखड्यात नव्हता. पुढच्या वेळी तो पहिल्याच आठवड्यात ठेवणार आहोत.

रांगेत दिवस घालवून आलेल्या बायकांनी हा धडा ज्या एकाग्रतेने केला, तशी एकाग्रता तोवर मी वर्गात पाहिली नव्हती.

१३ जुलै

दोन दिवस आकड्यांवर दिले. दुसऱ्या टेबलावरची चूक आता उलगडली आहे. चिठ्ठीवर ८.२५ किलो असे लिहिले होते आणि निम्म्याहून अधिक जणांनी ते '८ किलो २५ ग्रॅम' असे वाचले. कारण विचारत गेल्यावर कळले, की ८.२५ रुपये म्हणजे ८ रुपये २५ पैसे आणि ८.२५ वाजता म्हणजे ८ वाजून २५ मिनिटे, हे त्यांच्या रोजच्या वापरात आहे. तीच रीत त्यांनी किलोला लावली होती. रुपयात पैसे शंभर असतात आणि किलोत ग्रॅम हजार, एवढे सांगून भागले नाही. दशांश चिन्हानंतर तीन घरे आखून दिली आणि रिकाम्या घरात शून्य भरायला लावले. ८.२५० असे लिहिल्यावर २५० ग्रॅम आपोआप वाचले जाऊ लागले. नोंदवहीत वजन नेहमी तीन घरे भरून लिहायचे, हा नियम केला. बारदानाचे वजन वजा करणे याउलट कोणालाच शिकवावे लागले नाही. भाजीच्या आणि रद्दीच्या व्यवहारात ते सगळ्यांना पाठ आहे.

दुसरा गोंधळ अक्षराचा आहे. देवनागरी १ हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि देवनागरी ७ घाईत लिहिला की इंग्रजी सहासारखा. एकाच पानावर एकीने देवनागरी आणि दुसऱ्याने इंग्रजी अंक लिहिले होते, त्यामुळे ११ खोक्यांची ९९ झाली. आपले अंक मला प्रिय आहेत, तरीही कामाच्या नोंदवहीत सर्वांनी इंग्रजी अंकच लिहायचे असे ठरवावे लागले, कारण गोदामातली छापील लेबले तशीच असतात.

तिसरा गोंधळ कानाचा. येथील अनेक सुपरवायझर हिंदी बोलतात. हिंदीत 'उनहत्तर' म्हणजे ६९. आपल्याकडे एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर असे सत्तरीतले आकडे त्या आवाजाचे असल्याने आमच्या चार मुलांनी ते ७९ लिहिले. घरचा मराठी आकडा सांगतानाही एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अडखळतात. उपाय एकच ठेवला: आकडा ऐकला की तो सुटा-सुटा, 'सहा, नऊ', असा परत म्हणून दाखवायचा आणि समोरच्याने हो म्हटल्यावरच लिहायचा.

१८ जुलै

न येण्याचे कळवणे. प्रत्येकाने मला फोन करायचा आणि मी सुपरवायझर. बहुतेकांचे फोन "हॅलो सर, मी आज येत नाही" एवढ्यावर संपले, त्यात नावही नव्हते. तिघांनी फोन करण्याऐवजी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतो म्हणून सांगितले. चार गोष्टी ठरवून दिल्या: नाव आणि विभाग, काय झाले, कधीपर्यंत येऊ शकेन, आणि आज माझ्याकडे कोणते काम होते. चौथी गोष्ट मी स्टोअरच्या अनुभवावरून घातली. सुपरवायझरला रागापेक्षा त्या कामाची काळजी अधिक असते. सराव चांगला झाला असे वाटून घरी गेले.

२५ जुलै

रात्रभर मुसळधार पाऊस झाला. खडकवासल्यातून पाणी सोडल्याने सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरले आणि शाळांना सुट्टी दिली गेली. समाजमंदिर उंचावर असल्याने आम्ही वर्ग चालू ठेवला. पटावरच्या १९ पैकी ७ जण आले. न आलेल्या १२ जणांपैकी फोन तिघांचेच आले.

अशा दिवशी न येणे अगदी रास्त होते, त्यामुळे कोणालाही दोष दिला नाही. पण सात दिवसांपूर्वीचा सराव कामी आला नव्हता, हेही खरे. दुसऱ्या दिवशी एकेकाला विचारल्यावर कारण आमच्याच पदरात पडले. माझा नंबर फळ्यावर लिहिलेला होता. तो कोणीही मोबाइलमध्ये साठवून ठेवला नव्हता आणि मीही तसे करायला लावले नव्हते. दोघींकडे स्वतःचा फोनच नाही. त्या भावाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवरून बोलतात आणि तो फोन सकाळी घराबाहेर जातो. त्यांच्यासाठी शेजारच्या एका घरचा नंबर ठरवून घेतला.

पुढच्या दोन आठवड्यांत प्रत्येकाला एक दिवस नेमून दिला. त्या दिवशी सकाळी ६ ते साडेसहाच्या दरम्यान मला फोन करून चारही गोष्टी सांगायच्या. १९ पैकी १६ जणांचे फोन वेळेत आले. मला पहाटे उठावे लागले, पण तोंडी सरावाच्या तीन तासांपेक्षा हे अधिक उपयोगी ठरले.

३० जुलै

पगाराची स्लिप. एकूण पगार १५,००० आणि त्यात मूळ वेतन १२,००० असे धरले. भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये, कर्मचारी राज्य विम्याचे एकूण पगारावर ०.७५ टक्के म्हणजे ११२.५०, ते पुढच्या रुपयापर्यंत नेऊन ११३, आणि व्यवसाय कर २०० रुपये. हातात १३,२४७. मुलींची वजाबाकी मात्र १३,४४७ वर थांबली पाहिजे, कारण महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. हे मी आधी सांगितले नाही. दोन मुलींनी स्वतःहून हात वर करून विचारले, की आमच्या स्लिपवर कर का नाही, काही राहून गेले आहे का. जूनमध्ये याच दोघी सहाव्या टेबलावर गप्प राहिल्या होत्या, म्हणून ही नोंद आनंदाने करत आहे.

नोकरीसाठी आगाऊ पैसे, 'फाइल चार्ज' किंवा गणवेशाची अनामत मागणाऱ्यांबद्दलही आजच बोललो. हा विषय शेवटच्या दहा मिनिटांत उरकला, ही चूक होती. ती पुढे भोवली.

१० ऑगस्ट

फुरसुंगीतील गोदामाच्या व्यवस्थापकांनी आमच्या १४ जणांना चार तास प्रत्यक्ष माल काढू दिला. यादीवर 'सी-०४-१२' असा पत्ता असतो: ओळ, कप्पा, जागा. आमच्या सभागृहात सगळी खोकी टेबलावर, डोळ्यांच्या उंचीला होती, त्यामुळे चार मजली रॅकपुढे उभे राहिल्यावर कप्पे खालून मोजायचे की वरून, हेच कोणाला कळेना. पहिल्या अर्ध्या तासात ९ चुका झाल्या. मग एका मुलाने तेथील कामगाराला विचारले, खालून मोजायचे हे बाकीच्यांना सांगितले, आणि त्यानंतरच्या साडेतीन तासांत ४ चुका झाल्या. विचारणारा मुलगा म्हणजे तोच, ज्याने २८८ लिहिले होते.

दोन मुलींना तिसऱ्या तासाला चक्कर आली. त्या सकाळी फक्त चहा पिऊन आल्या होत्या. उभ्याच्या कामाला निघताना खाऊन निघायचे आणि डबा बरोबर घ्यायचा, हे मी सांगायला हवे होते.

२२ ऑगस्ट

शेवटची चाचणी, पुन्हा तीच सहा टेबले, आकडे बदलून. १८ जणांनी दिली. तुलना फक्त या १८ जणांची केली आहे, कारण मध्येच गेलेल्यांना धरून काढलेली सुधारणा फसवी ठरली असती. चलान जूनमध्ये या १८ पैकी ९ जणांना जमले होते, आज १५ जणांना जमले. दोन कपाटांची युक्ती आता सगळ्यांना माहीत होती, म्हणून या वेळी २० खोक्यांना लेबले लावायला सांगून हातात १७ लेबले दिली. लेबले कमी आहेत हे १३ जणांनी येऊन सांगितले. दोघांनी तीन खोकी तशीच ठेवली आणि तिघांनी दुसऱ्या गठ्ठ्यातली लेबले काढून लावली. खऱ्या गोदामात ही शेवटची चूक सर्वांत महागात पडते.

द्रावणाचे टेबल फसले. लिटरला २० मिली या प्रमाणाने ८ लिटरच्या बादलीत १६० मिली घालायचे होते, ते फक्त ८ जणांना जमले, जूनपेक्षा एकाने जास्त. या विषयाला आम्ही सबंध वर्गात एकच तास दिला होता आणि तोही फळ्यावर, बादलीशिवाय.

खर्च: वजनकाटा १,४५०, बादली आणि मापे ३८०, खोकी १९२, वाया गेलेल्या पहिल्या चाचणीच्या झेरॉक्स २७६, नंतरच्या झेरॉक्स १,१५०, समाजमंदिराचे चार महिन्यांचे वीजबिल २,०००, फुरसुंगीला जाण्या-येण्याचा टेम्पो १,४०० आणि चहा-बिस्किटे २,२६०. एकूण ९,१०८ रुपये, म्हणजे शेवटपर्यंत राहिलेल्या माणसामागे ५०६. चहा-बिस्किटांवर कोणी बोट ठेवू नये, ही विनंती. सात वाजता कामावरून थेट येणाऱ्या माणसाला उपाशीपोटी नऊपर्यंत बसवणे योग्य नाही.

२० सप्टेंबर

गणपती झाल्यावर सगळ्यांशी बोलले. १८ पैकी १२ जणांनी नोकरीसाठी प्रयत्न केला, १० जणांना मिळाली आणि आज ८ जण कामावर आहेत. सुटलेल्या दोघांपैकी एका मुलाकडून माणसे पुरवणाऱ्या एका मध्यस्थाने गणवेशाच्या अनामतीपोटी १,५०० रुपये घेतले आणि नंतर त्याला कामावर बोलावलेच नाही. पैसे मागितले तेव्हा त्याला शंका आली होती, पण विचारायला फोन केला नाही. त्या विषयाला मी दहा मिनिटे दिली होती. आता त्याला एक संपूर्ण संध्याकाळ ठेवली आहे आणि गुरुजी मध्यस्थाचे काम करतील, जसे त्यांनी ड्रायव्हरचे केले.

दुसरी मुलगी सकाळी ७ च्या पाळीला लागली होती. तिच्या वस्तीजवळच्या थांब्यावरून पहिली बस धरूनही दुसरी बस बदलेपर्यंत ७ वाजून १० मिनिटे होत. तीन आठवडे तिने रिक्षाला पैसे घातले आणि मग सोडले. काम तिला चांगले जमत होते. त्यामुळे अर्ज करण्याआधी पाळीच्या वेळेला एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहायचे, हे सहा टेबलांच्या जोडीला सातवे काम म्हणून घातले आहे. जाण्याचा खर्च वर्ग देईल.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर, ५ नोव्हेंबरला सुरू होईल. त्याआधी दुसरा वजनकाटा, मापाची सहा भांडी आणि चार कप्प्यांचा एक जुना लोखंडी रॅक मिळवायचा आहे. रॅकसाठी भंगारवाल्याला सांगून ठेवले आहे.